मागच्या खोलीतली चिमुकली खुर्ची

आईची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एखादा सोडला तर.

माझी थोरली बहीण मंदाताई हुडकेश्वरला पाळणाघर चालवते. फ्लूची मोठी साथ आली तरी ते बंद पडू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. "मिहानच्या कंपन्यांमंधी कामाले जाणाऱ्या बायांनी लेकरं ठेवायची कुठं?" तयारी शिकवायला तिनं डॉक्टर बोलावला. तो म्हणाला, "खोकणारं-शिंकणारं लेकरू वेगळं बसवा, अन् घरचं माणूस आल्याबिगर सोडू नका." एवढं बोलला आणि स्वतःच शिंकला.

ताईनं त्याला मागच्या खोलीत नेऊन चिमुकल्या खुर्चीवर बसवलं.

"अवं ताई, मी काय लेकरू आहो? धूळ गेली नाकात!"

"रोज सगळ्या आया हेच सांगतात. घरी फोन लावा."

शेवटी वाडीहून त्याची म्हातारी आई ऑटोनं आली. आल्या आल्या म्हणाली, "रातपासून अंग तापून राहिलं याचं. नको जाऊ म्हटलं, तं आयकते कुठं!"

आता कबूल करतो. डॉक्टर शिकवून केव्हाच गेला होता, त्या खुर्चीत मी होतो. पण शपथ आईची घेतली होती, म्हणून आई तेवढी खरी ठेवली.