वेणी चिकटवायची होती

आत्या : खट्ट झालं बघ. पलंगाखाली काहीतरी पडलं.

आई : इतका वेळ गप्प होती, मला वाटलं झोपली. पिल्लू, काय पाडलंस गं?

पिल्लू : काही नाही. तू नको वाकूस. आत्तू वाकेल.

आई : ऐकलंस? केस काढल्यापासून हेच चाललंय. भरवायला बाबा, निजवायला बाबा. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

आत्या : होईल सवय, वहिनी. तुला तरी कुठे झालीय? मघाशी जेवायला बसताना वेणी मागे टाकायला हात नेलास.

आई : हातच कशाला, सकाळी नेहमीसारखा ओंजळभर शाम्पू ओतला आणि तशीच उभी राहिले. जिन्यात खालच्या काकू भेटल्या. आवाज खाली करून विचारतात, "रिपोर्ट काय आला?"

आत्या : सांगायचं ना, नणंदेचं पार्लर आहे, तिनेच फुकटात हजामत केली म्हणून!

आई : हसवू नकोस बाई. डोक्याला सारखं गार लागतं.

आत्या : बरं, वेणीचं पाकीट दे. विगवाल्याकडे आजच पोचवते.

आई : कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. हे बघ... अगं, हे तर रिकामं आहे!

आत्या : थांब. पिल्लू, बाहेर ये पाहू. काय आहे हातात? अरे देवा, डिंकाची बाटली!

आई : केसांना डिंक? काय केलंस हे! खालचं रबरही काढलंस? केस उलटसुलट झाले तर विगवाले हातसुद्धा लावत नाहीत. त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?

आत्या : ओरडू नकोस, घाबरलीय ती. वरचं रबर घट्ट आहे, केस जागचे हललेले नाहीत. डिंक नुसता वरच्या टोकाला लागलाय. दोन बोटं कापली की झालं. लांबी काय कमी आहे तुझी?

आई : टोकालाच का लावलास गं?

पिल्लू : तुला चिकटवायची होती. तू झोपलीस की.

(आई खाली बसते.)

आई : ये. ये इकडे. हात लाव डोक्याला. चावत नाही ते.

पिल्लू : टोचतं. बाबाच्या दाढीसारखं.

आई : टोचू दे. लाव अजून.

पिल्लू : मग मी झोपताना काय धरू?

आई : माझा कान धर.

पिल्लू : कान केवढुसा आहे! आणि वेणी का काढलीस? मला विचारलं पण नाहीस.

आई : चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. आता सांगते हं. आई दवाखान्यात कामाला जाते ना, तिथे एक ताई आहे. औषधांनी तिचे सगळे केस गेले. मी सुई द्यायला वाकले, की ती माझी वेणी मुठीत धरायची. अगदी तुझ्यासारखी. एकदा म्हणाली, "सिस्टर, मला द्याल अशी वेणी?" मी हो म्हटलं. तर म्हणते, "आणि माझ्यासारखं डोकं पण कराल? एकटीला कसंतरी वाटतं."

आत्या : वहिनी, विग व्हायला दोन-तीन महिने जातात. डॉक्टर काय म्हणतात?

आई : हळू बोल. काही म्हणत नाहीत. काल तिची फाईल मिटली आणि नुसता चष्मा पुसत बसले. ती मात्र मी दिसले की विचारते, "झाली का वेणी?"

आत्या : मग मी निघतेच. हातापाया पडून लवकर करून घेते.

पिल्लू : आत्तू, थांब.

आत्या : काय गं राणी?

पिल्लू : घे. डिंक मी पुसला फ्रॉकला. पण ओला आहे अजून.

आत्या : शहाणं गं माझं बाळ. मी कापेन तेवढा.

पिल्लू : आई.

आई : काय पिल्ला?

पिल्लू : ताईला तिचे तिचे केस आले, की ती आपली वेणी परत आणून देईल ना?

(आई पिल्लूचे चिकट हात पदराने पुसू लागते.)

पिल्लू : सांग ना. येईल ना ती?