सेवापुस्तकातला शेरा

सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरील वैद्यकीय अधिकारी साहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कंपाउंडर भिमाजीराव, आणि तिसगावचा बाजार लवकर आटोपून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी रंगनाथ, शाळेत कवायत शिकवतो. भिमाजीरावांच्या गुणांबद्दल तीन वक्ते बोलले. मी त्यांच्या सेवापुस्तकातल्या शेऱ्याबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी घड्याळ बघू नये, लवकर आटोपतो.

मला दमा. सत्तर साली तेव्हाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. काय गुण आला म्हणता! डॉक्टर बदलून गेले, चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. लागू पडलेली चिठ्ठी आपल्याकडे कोण टाकून देतो? दवाखान्यात त्या चिठ्ठीवर गोळ्या देताना भिमाजीराव दरवेळी विचारत, "गुर्जी, डाक्टर चालू ठिवा म्हनून सांगून गेलं ना?" मी दरवेळी "हो" म्हणालो. गुरुजींवर कोण अविश्वास दाखवणार? दीड वर्ष असं चाललं.

माझा चेहरा भरला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. इकडे उकिडवं बसलं की मला उठवेना. कवायतीत थांबायची शिट्टी वाजेना. मुलं पळतच राहिली, आणि हेडमास्तरांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. घरी बायको कडूबाई म्हणाली, "शिट्टी फुकताय का चुलीतला इस्तू?" धाप वाढली, म्हणून मी गोळीही वाढवली.

एके दिवशी भिमाजीरावांनी मला बाकावर बसवून काडी पेटवली. "तोंड उघडं ठिवा आन् इझवा." वीतभर अंतरावरची काडी विझेना. शेवटी त्यांचं बोट भाजलं. म्हणाले, "छातीत सूं सूं न्हाई, गुर्जी. ह्यो दमा न्हाई. दम वढनारं मांसच थकलंय, ह्या गोळ्यांनी." मी फार घाबरलो. त्यांनीच मला एस.टी.नं नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं आणि त्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू, कित्येक महिन्यांत सोडवल्या. एकदम थांबवल्या असत्या तर हे भाषण दुसऱ्या कुणाला करावं लागलं असतं.

पुढे, जुन्या चिठ्ठीवर गोळ्या दिल्याबद्दल भिमाजीरावांची नगरला चौकशी झाली. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं, असं तुम्ही म्हणाला होता का?" मी म्हणालो, "आठवत नाही." आठवत होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. भिमाजीराव शेजारीच उभे होते. निष्काळजीपणाचा शेरा त्यांना मिळाला. परतीच्या एस.टी.त त्यांनी मला खिडकीची जागा दिली. म्हणाले, "वारं लागू द्या, गुर्जी."

ते सेवापुस्तक आज बंद होतंय. मी माझी कबुली लिहून, खाली सही करून आणली आहे. वैद्यकीय अधिकारी साहेब, हा कागद सर्वांसमक्ष घ्या आणि वर पाठवा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. या कागदावरचं मात्र घालू नका.