चाकाचा व्यास

पुसदच्या बसस्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या सत्यशीलाबाईंच्या मागच्या बाकावर इंजिनिअरिंगची दोन मुलं हळू आवाजात बोलत होती.

"जीवन, आपल्या इलेक्ट्रिक रेसकारचा गिअर रेशो दुसऱ्या टीमकडे कसा गेला?"

"हिशेब जुळू शकते नं, पायल."

"अन् चूकबी जुळते? चाकाचा व्यास आपण आधी कमी धरलता. तोच चुकीचा आकडा त्यांच्या कागदावर हाय."

"माह्यावर शक करून राह्यली का?"

"त्या रेशोवर उद्या त्यांची मोटर तापून जळन. गाडीत त्यांच्या टीमची कोमल बसणार हाय."

"मंग सांग नं तिले."

"माह्याजवळ तिचा नंबर नाही."

जीवन उठला. सत्यशीलाबाईंच्या पुढून जाताना त्यानं मोबाईल कानाला लावला होता.

"हॅलो कोमल, उद्या गाडी काढू नको. कायले ते मंग सांगतो."