शंभर टक्के आनंदी सोसायटी

झालं, पूर्वरंग आटोपला! आता जरा सरकून बसा मंडळी, मागचे पुढे या. खांबाला टेकलेले काका, तुम्ही तिथंच राहा, तुम्हाला हलवलं तर झोपमोड होईल! पेटीवाले, सूर धरून ठेवा, पण हळू. मला आज तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय.

दुःख लपवणं हा गुण की दोष? सांगा! बोला की!

हं — या पुढच्या माउल्या म्हणतात, गुण. म्हणणारच! सासरी काहीही होवो, माहेरी 'सगळं छान आहे' सांगून सांगून तुमचा घसा बसलाय. आणि पुरुष काय म्हणतात? पुरुष गप्प! म्हणजे बघा, ते आत्तासुद्धा लपवतायत!

आणि आम्ही बुवा लोक तरी काय सांगत आलो? सोसावं, हसतमुख राहावं, देव परीक्षा बघतो. बघतो ना? मग त्या परीक्षेत कॉपी केली तर? आं? देवाच्या परीक्षेत कोण कॉपी करणार बुवा, असं म्हणाल. केली! अख्ख्या सोसायटीनं केली! ऐका तर.

गोष्ट पुराणातली नाही, कोरोनातली आहे. आठवतोय ना तो काळ? मेथी साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचो आपण, भाजीला फेस यायचा! दुधाची पिशवी उन्हात, वर्तमानपत्र उन्हात, आणि माणसं मात्र दाराला कडी लावून आत! त्या वेळी साताऱ्याच्या अलीकडे एक शिक्षकांची सोसायटी होती. शेहेचाळीस बंगले. सगळे निवृत्त मास्तर. कल्पना करा मंडळी, शेहेचाळीस मास्तर, आणि शिकवायला विद्यार्थी एकही नाही!

त्या सोसायटीचे अध्यक्ष पुरुषोत्तम शेडगे. शेडगे सर! बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापक, आणि त्या अकराही वर्षांत शाळेचा निकाल शंभर टक्के. एक पोर नापास नाही! कसं काय हो सर? तर सर मिशीतल्या मिशीत हसायचे. शर्टाच्या खिशाला लाल पेन. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पेन तिथंच. लग्नपत्रिका आली तरी आधी शुद्धलेखन तपासणार, मग तारीख बघणार!

आणि त्यांच्या पत्नी विजयमाला. सगळे मालाताई म्हणायचे. गोड बाई. सोसायटीत कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा पाय मोडलेला असो, डबा मालाताईंचा. त्यांची आई कऱ्हाडला एकटी राहायची, वय एक्याऐंशी. रोज सकाळी अकराला मायलेकींचा फोन ठरलेला.

त्या एप्रिलात आई गेली. कोरोनानं नव्हे, म्हातारपणानं. पण रस्ते बंद! पास मिळेना. कऱ्हाडातच वेगळा राहणारा भाऊ म्हणाला, 'ताई, येऊ नकोस, व्हिडिओवर दाखवतो.' बसल्या मालाताई मोबाईल घेऊन ओट्याशी. आईला उचललं, ते दिसलं. तिरडी दारातून वळली, ते दिसलं. आणि मग नेटवर्क गेलं! पडद्यावर ते गोल गोल फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. तासभर माउली त्या गोलाकडे बघत बसली होती.

सरांनी काय केलं? सर म्हणाले, 'वय झालं होतं. सोनं झालं त्यांचं. चहा टाक.'

हसू नका. तुम्ही काय म्हणाला असता?

त्यानंतर मालाताईंचं बोलणं कमी झालं. चहा करायच्या आणि प्यायच्या विसरायच्या. सकाळचे अकरा वाजले की हातातलं काम टाकून न्हाणीघराच्या पायरीवर जाऊन बसायच्या. सर म्हणायचे, 'आळस! दिनक्रम हवा माणसाला!'

आणि अशात सरांच्या मोबाईलवर एक संदेश आला. 'मनाला उभारी — घरबसल्या, मोफत, फक्त एकवीस दिवसांत. आधी वीस प्रश्नांची उत्तरं भरा, मग रोज एक व्हिडिओ.' चांगल्या माणसांनी चांगल्या मनानं केलेला कार्यक्रम होता हो, त्याला नाव ठेवणार नाही मी. पण खाली एक ओळ होती, तिनं घात केला. 'सहभागी व्यक्तीस प्रमाणपत्र मिळेल.'

प्रमाणपत्र!

अहो, त्या काळात कोरोनाच्या जोडीला प्रमाणपत्रांची साथ आली होती! हात धुतल्याचं प्रमाणपत्र, घरी बसल्याचं प्रमाणपत्र! माझ्या स्वतःकडे 'योग्य रीतीनं शिंकण्याचं' आहे, फ्रेम करून लावलंय! खोटं वाटत असेल तर घरी या. सरांनी ठरवलं, सोसायटीतल्या घरटी एका माणसाचा अर्ज भरायचा. आणि निकाल? शंभर टक्के!

सर्वांना इंटरनेट कुठं जमतंय? म्हणून सरांनी प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, म्हणाले, 'फुलस्केप कागदावर उत्तरं लिहा, समास सोडा, आणि आमच्या फाटकाच्या पिशवीत टाका.' मग सर ते कागद दोन तास उन्हात वाळवायचे आणि आपल्या मोबाईलवरून भरायचे.

पहिला कागद नाना देसायांचा. नाना भोळा माणूस, खरं खरं लिहिलं. झोप लागते का? नाही. रडू येतं का? येतं, आंघोळीच्या वेळी. सरांनी भरलं, बटण दाबलं, तर पडद्यावर तांबडी चौकट! 'आपल्याला मदतीची गरज असू शकते. आमचे समुपदेशक आपल्याशी बोलतील.'

सर ओरडले, 'नाना नापास!'

बघा हं मंडळी. समोरचा म्हणतोय, मदत करतो. मास्तरांना दिसलं काय? नापास! मग सरांनी ती तांबडी चौकट पुसली, नानांचा अर्ज पुन्हा भरला. झोप? उत्तम. रडू? कधीच नाही. पडद्यावर हिरवी चौकट! 'अभिनंदन! आपण आनंदी आहात.' सापडली की किल्ली! त्याच दुपारी ग्रुपवर आदर्श उत्तरपत्रिका गेली. शेवटच्या प्रश्नात 'आपल्या शब्दांत लिहा' असं होतं, त्याचंही उत्तर तयार: 'माझे मन प्रसन्न असून मी उत्साही आहे.' सगळ्यांनी आपल्या शब्दांत हेच लिहायचं!

ज्यांचे कागद आधीच आले होते, ते सरांनी लाल पेननं तपासून दुरुस्त केले. मालाताईंचाही कागद त्यात होता. पिशवीत टाकलेला. एकाच घरात राहून नवऱ्याला सांगायचं ते फाटकाच्या पिशवीतून सांगावं लागलं त्या बाईला! सरांनी तोही दुरुस्त केला, भरला. हिरवी चौकट!

शेहेचाळीसच्या शेहेचाळीस आनंदी! ग्रुपवर पावणेदोनशे लोकांनी अंगठे दाखवले. त्या शेहेचाळीसांत एक कीर्तनकारही होता, मास्तरकी सोडून बुवा झालेला. नाव विचारू नका, त्याचा आज कार्यक्रम आहे.

मग व्हिडिओ सुरू झाले. सर सतरंजी टाकून बसायचे, मालाताईंना शेजारी बसवायचे. व्हिडिओतली बाई म्हणायची, 'खोल श्वास घ्या... रोखून धरा...' आणि तिथं व्हिडिओ अडकायचा! सर शिस्तीचे, 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडणार नाहीत! तोंड लालबुंद! दुसऱ्या दिवशी काय? आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबास म्हणा. सरांनी स्वतःला तीनदा शाबास म्हटलं. मालाताई आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, 'अगं, म्हण की! प्रमाणपत्र मिळणार आहे तुला!'

एकोणिसावा दिवस उजाडला. सकाळची वेळ. सरांचा फोन वाजला.

'नमस्कार, शेडगे सर का? मी प्राजक्ता लोखंडे, मनाला उभारी कार्यक्रमातून बोलतेय. समुपदेशक आहे.'

'बोला, बोला! आमच्या निकालाबद्दल का? सत्कार ऑनलाईन ठेवा, चालेल.'

'सर, एकाच मोबाईलवरून शेहेचाळीस अर्ज आलेत. सगळ्यांची वीसच्या वीस उत्तरं सारखी. आणि शेहेचाळीस जणांचं मन प्रसन्न असून ते उत्साही आहेत.'

पकडलं! अहो, बत्तीस वर्षं ज्या माणसानं पोरांच्या मोज्यातून चिठ्ठ्या काढल्या, त्याला एका पोरीनं फोनवरून पकडलं! आयुष्यात पहिल्यांदा सर बाकावर उभे होते, आणि सबब काय सांगितली? तीच, सगळी पोरं सांगतात ती.

'मॅडम, सगळ्यांनीच केलं.'

पोरगी हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, 'सर, प्रमाणपत्र देते मी, त्याचं काही नाही. पण त्यात एखादं तरी खरं उत्तर होतं का? मला त्या एका माणसाशी बोलायचंय.'

सरांनी टेबलाचा खण उघडला. कागदांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वर नानांचा, त्याच्या खाली ओळखीचं अक्षर. वळणदार, ल चा पाय जरा लांब.

'आहे एक,' सर म्हणाले. 'वाचतो. झोप लागते का — नाही. भूक लागते का — नाही. प्रश्न नववा. जगण्यात आता काही राम उरला नाही, असं वाटतं का...'

आणि सर थांबले.

त्यासमोर लिहिलेलं होतं, 'रोज.' त्याच्यावर लाल रेघ. आणि वर सरांच्याच अक्षरात, 'कधीच नाही.'

'हॅलो? सर? पुढे काय लिहिलंय?'

सरांनी शेवटचा प्रश्न बघितला. आपल्या शब्दांत लिहा. मालाताईंनी लिहिलं होतं: 'आई गेली. मला जाता आलं नाही. नेटवर्क गेलं. पुढचं दिसलं नाही. मलाही आता तिकडेच जावंसं वाटतं.' आणि समासात, मंडळी, समासात लाल शाईनं शेरा होता — 'विषयांतर. सकारात्मक लिहा.'

पेटी थांबवा हो. थांबवा.

'सर, हा कागद कुणाचा आहे?'

'आमच्याच घरातला आहे,' सर म्हणाले. 'फोन ठेवू नका, बाळ. ठेवू नका हं फोन.'

फोन हातात धरून सर आत गेले. अकरा वाजले होते. मालाताई न्हाणीघराच्या पायरीवर बसल्या होत्या. आणि बघा गंमत, ज्या माणसानं जन्मभर प्रश्न विचारले, त्याला एक प्रश्न विचारता येईना! त्याला नेहमी उत्तर आधीच माहीत असायचं ना! खाली बसले बायकोशेजारी, ओल्या पायरीवर, धोतरासकट.

'माला, नवव्या प्रश्नाला तू लिहिलंस, ते खरं आहे?'

मालाताईंनी वर बघितलं. म्हणाल्या, 'अहो, तुम्ही वाचलं होतं की तेव्हाच.'

'नाही गं. तपासलं होतं. वाचलं नव्हतं.'

तेव्हा त्या रडल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा रडल्या! आणि सरांनी 'रडू नकोस' म्हटलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. मग फोन त्यांच्या हातात दिला. त्या पोरीशी मालाताई तासभर बोलल्या. सर शेजारीच बसून होते. त्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही!

मग मालाताई लगेच बऱ्या झाल्या का? नाही! एकवीस दिवसांत उभारी येते ती जाहिरातीत. आधी फोनवर, मग गाव उघडल्यावर डॉक्टरकडे, गोळ्या झाल्या, आठ-नऊ महिने गेले. त्यातच दिवाळीनंतर दोघं कऱ्हाडला आईच्या घरी गेली. मालाताईंनी कुलूप उघडलं आणि आईच्या पलंगावर बसून मनसोक्त रडून घेतलं. सर दारात उभे होते. शेजारी आले, म्हणाले, 'समजूत काढा हो त्यांची.' सर म्हणाले, 'तिला समजलंय. तुम्ही पाणी आणा.'

आणि सोसायटीचं काय? त्या पोरीचा फोन आला त्याच संध्याकाळी ग्रुपवर सरांचा संदेश आला: 'पेपर फुटल्यामुळे परीक्षा रद्द. फेरपरीक्षा होईल. आदर्श उत्तरं मिळणार नाहीत.' शेहेचाळीसांपैकी एकतीस जणांना तांबडी चौकट! नाना पुन्हा नापास, पण एकटा नव्हे, मोठी संगत मिळाली! आणि एकतिसांत सर्वांत कमी गुण कुणाला? या वेळी घरचा अर्ज स्वतःच्या नावानं भरणाऱ्या शेडगे सरांना! ते स्वतःच सांगतात हे, न लाजता. तो कीर्तनकारही त्या एकतिसांत होता. त्याला त्या पोरीनं चार वेळा फोन केला, म्हणून तो आज तुमच्यासमोर उभा आहे.

तर मंडळी, मगाशी विचारलं, दुःख लपवणं गुण की दोष? अहो, लपवणाऱ्याला दोष देऊच नका! ज्यानं सांगितलं, त्याचं आपण काय केलं ते बघा! घरातलं माणूस सांगत असतं हो. चहा न पिता सांगतं, पायरीवर बसून सांगतं. आणि आपण लगेच दुरुस्त करतो. 'असं बोलू नये.' 'चांगला विचार कर.' 'तुला काय कमी आहे?' तुमच्यातल्या किती जणांनी हे याच आठवड्यात म्हटलंय? हात वर करू नका, शेजारी बायको बसलीय!

आता आरती होईल. प्रसाद घ्याल, चपला शोधाल. दारात मला विचाराल, 'काय बुवा, कसे आहात?' मी सवयीनं म्हणणार, 'देवाची कृपा!' लगेच निघू नका. तिथंच थोडं थांबा, मी पुढं काय बोलतो ते ऐका. आणि एवढं जमलं, तर घरी जाऊन तिथंही थोडं थांबा.

उठा, देवाचं नाव घ्या, आणि आरतीला उभे राहा.