गल्लीचं कुत्रं आणि घराचं कुत्रं

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले सरपंच पितांबरभाई. शहाद्याहून धूळ खात आलेले मोठे साहेब. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आपले ढोरांचे डॉक्टर नवलसिंगभाऊ. पुढे सतरंजीवर ऐसपैस बसलेली पुरुषमंडळी आणि मागे दाटीवाटीनं बसवलेल्या माझ्या बाया, सगळ्यांना जसोदाबाईचा रामराम.

माझ्याआधी चुनीलालशेठ बोलले. छान बोलले, जरा लांबले. डॉक्टरांनी कोणाच्या म्हशीचं अडलेलं पारडू सोडवलं, कोणाच्या बैलाचा खूर बरा केला, सगळं सांगितलं. कुत्र्याचं नाव मात्र कोणी काढलं नाही. मोठ्या साहेबांपुढे कुत्र्याचं काय बोलायचं, असं वाटलं असेल. मग मी बोलते. मला लाज कमी आहे.

साहेब, ब्राह्मणपुरीत आमच्या गल्लीत पूर्वी कुत्रं कोणाच्या घरचं नसायचं, गल्लीचं असायचं. संध्याकाळी घरोघरची बाई एक भाकर ओट्याच्या कडेला ठेवायची. सकाळी भाकर दिसली नाही, की कुत्रं जेवलं. पुण्य सगळ्यांचं. कुत्र्यानं घाण केली, तर ते शेजाऱ्याचं.

असंच एक गल्लीचं कुत्रं माझ्या भाईदासला चावलं. भाईदास म्हणजे माझा एकुलता मुलगा. दवाखान्यात पोटात इंजेक्शनं सुरू झाली. तिथं सांगितलं, कुत्र्यावर नजर ठेवा. ते धडधाकट राहिलं, तर पुढची इंजेक्शनं लागणार नाहीत. आता नजर कोणी ठेवायची? गल्लीचं कुत्रं ना! या घरानं त्या घराला विचारलं, त्या घरानं पुढच्याला. सगळीकडून एकच उत्तर.

"कुत्रं चांगलं शे, काकी. रोज भाकर खाई ऱ्हायनं."

केळीची काढणी चालू होती. भाईदासनं दवाखान्यात जाणं सोडलं.

भाकर कोणतं तरी उपरं कुत्रं खात होतं. आमचं केव्हाच केळीच्या बागेत मरून पडलं होतं. वास आला तेव्हा कळलं. आणि मग एके दिवशी पाण्याचा तांब्या पाहून भाईदास मागे सरकला. पुढचं सांगत नाही. या मागे बसलेल्या बायांना माहीत आहे. त्याला धरायला त्याच होत्या.

मग गावानं काय केलं? काठ्या घेतल्या आणि दिसेल ते कुत्रं मारलं. डॉक्टरभाऊ तेव्हा नवे आले होते. त्यांनी काही पिल्लं उचलून ढोरांच्या दवाखान्याच्या गोठ्यात कोंडली. थोडी मोठी झाल्यावर ती घरोघर द्यायला लागले. पण द्यायची रीत काय विचारता! मुलगी देताना बाप इतकी चौकशी करत नाही. दिवसा घरात कोण असतं? भाकर कोणाच्या हातची? कुत्र्यानं खाणं सोडलं, तर पहिलं कोणाला कळेल? चुनीलालशेठ आपल्या कापसाच्या जिनावर राखणीला कुत्रं मागायला गेले. डॉक्टर म्हणाले, "शेठ, तुम्हाला कुत्रं नको, कुलूप हवं." हसू नका, खरं आहे.

मीही गेले. गाव म्हणालं, म्हातारी विष घालायला नेते आहे. डॉक्टरांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "जसोदामाय, तुले कुत्रं कसाले पाहिजे?"

मी म्हटलं, "माले कुत्रं आवडत नही."

"मंग?"

"घरमा रांगती नात शे. नजरसमोरलं कुत्रं बिमार पडनं ते समजस. गल्लीनं कुत्रं पडनं ते समजत नही."

ते उठून गोठ्यात गेले. एक लंगडी, ठिपक्यांची पिल्ली आणून माझ्या पदरात ठेवली. मी तिला काबरी म्हणायला लागले. तेव्हापासून डॉक्टर आमच्या गल्लीतून जाताना ओट्याशी थांबायचे. "जेवली का?" मी म्हणायची, "जेवली." मग म्हणायचे, "तिचं नाही विचारत, तुमचं विचारतो." भाईदास गेल्यावर हे विचारणारं दुसरं कोण होतं? सुनेला शेतातून वेळ नाही, आणि गावाला मी जेवते की नाही यापेक्षा मी काय बोलते याची काळजी जास्त.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काबरीनं भाकरीवरून तोंड फिरवलं. बाकी काही नाही. डोळे नेहमीचे, शेपटी नेहमीची. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, भूक नसेल. मी नातीला, तापीला, आत कोंडून कडी लावली, काबरीला चिंचेला बांधलं आणि दवाखान्याकडे निघाले. डॉक्टर आले, लांबूनच पाहिलं.

"कोणाला चाटली?"

"तापीला. हाताला खरचटेल व्हतं."

तापीला आणि मला सगळी इंजेक्शनं झाली. एकही चुकवलं नाही, ताप आला तरी नाही. काबरी दोरीवरच गेली. ती जाईपर्यंत डॉक्टर जमिनीवर बसून होते, तिच्यापासून लांब, माझ्याजवळ. येणारेजाणारे म्हणत होते, सरकारी माणूस कुत्र्यासाठी मातीत बसला! बसला. मग? तुमच्यापैकी कोण बसलं?

तापी ही काय, पुढे बसली आहे. भाषण ऐकायचं सोडून पेढा खाते आहे. खाऊ दे.

त्यानंतर जो तो मला सांगायला लागला, दुसरं पिल्लू आण, मन रमेल. कुत्रं काय, कितीही मिळतात. हे सांगणाऱ्यांना मी काय म्हटलं ते मांडवात सांगण्यासारखं नाही.

आता डॉक्टरांची बदली खापरला झाली. परवा निरोप घ्यायला आले. दवाखान्यात एक पिल्लू घराविना राहिलं होतं, ते कडेवर होतं. चहा झाला. मी पिल्लाकडे पाहिलं आणि म्हटलं, "डॉक्टरभाऊ, नको." देताना इतके प्रश्न विचारणारा माणूस, पण का नको एवढं त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले, पिल्लू उचललं आणि गेले.

बाकी उपकारांचे आभार गाव मानेलच. मी त्या न विचारण्याचे मानते. बोलताना कोणाला लागलं असेल तर पोटात घाला, कमीजास्त माझ्या वयाच्या नावावर लिहा. साहेब, तुम्ही ऐकून घेतलंत. मी बसते.