घसरणारा आकडा

कारंजाच्या एसटी स्टँडवर मी वाशीमच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर डायलिसिसला निघालेल्या बेबीताई आणि त्यांची संशोधन करणारी भाची धम्मदीपा बोलत होत्या.

"थुंकीतलं पोटॅशियम मोजाचं तुह्यं यंत्र झालं काय?"

"झालं, आत्या. आधी सकाळी बरोबर सांगे, पण दुपारपर्यंत त्याच थुंकीचा आकडा खाली घसरे."

"तुह्या गाईड सरांनी तं पास केलं होतं."

"सर म्हणत, पहिल्या तासाचेच आकडे लिही. मी नाही लिहिले."

"काहून?"

"दुपारी पोटॅशियम कमी दाखवलं असतं, तं तू बिनधास्त दोन केळं खाल्ले असते. केळ्यातलं पोटॅशियम वाढून तुह्या हृदयावर आलं असतं."

"मंग केलं काय तू?"

"यंत्राच्या टोकाले प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असते. त्याच्याखाली पाणी झिरपून साचे, म्हणून आकडा घसरे. मी खाली पाणी न धरणारा कार्बनचा थर देला. आठ महिने लागले."

"आता?"

"सकाळी सहाले जो आकडा, तोच संध्याकाळी सहाले. महिनाभर रोज पाह्यला."

"मंग काढ, इथंच थुंकतो."

"थांब ना. आता रक्ताच्या तपासणीसंगं ताडून पाह्यचं हाय. चाळीस पेशंट लागतात. पहिलं नाव तुह्यं लिवलं."

"मंग बाकीच्या एकोणचाळीसची काळजी नको करू. डायलिसिसच्या वार्डातल्या बायका माह्यं ऐकतात, अन् माणसं त्यायचं."