यंदा आई मरणार नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी घरच्याच माणसांना घेऊन सिनेमे काढणारा एक दिग्दर्शक बसला होता. पलीकडे त्याची आई, आणि वर्तमानपत्रामागे वडील.

“आई, उद्या शूटिंग आहे. तू नाही म्हणालीस तर सिनेमाच बंद.”

“तुझ्या तिन्ही सिनेमांत मी मेले. आता नाही मरायची.”

“अगं, तू मेलीस की लोक रडतात.”

“रडू देत. मला एकदा नाचायचंय.”

“आणि गुडघे?”

“तुझ्या चादरीखाली मेलेली पडून पडूनच आखडलेत ते.”

“बरं बाई, नाच. पण मग मरणार कोण?”

“तुझे बाबा. त्यांना तसेही संवाद पाठ होत नाहीत.”

वर्तमानपत्र खाली आलं.

“माझी तयारी आहे. पण हिचा नाच बघून मगच मरेन.”